भाकर, धपाटं, दशमी, रोडगा

ताडकळस हे परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं मोठं गाव. स्वतःची कृषी उत्पन्न बाजार समिती असलेलं. भोवताली काळी, खोल, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन. आज या शिवारात सोयाबीन, कापूस, तूर, हळद, हरभरा अशी पिकं दिसतात, पण दुरडी उघडून पाहिली की हा मुलूख ज्वारीचाच आहे हे कळतं. घरोघरी रोज थापली जाणारी भाकर हे या प्रकरणाचं मुख्य पात्र आहे. तिच्यात खमीर नाही, तिला भट्टी लागत नाही, आणि गव्हाच्या कणकेला लवचीकपणा देणारं ग्लुटेन तर ज्वारीत औषधालाही नाही. तरीही ती गोल, पातळ थापली जाते, टम्म फुगते आणि तिचा पापुद्रा सुटतो. हे कसं होतं ते नीट समजून घेतलं तर भाकर कुणालाही येते, असं माझं ठाम मत आहे. 'हाताला वळणच लागतं' असं म्हणून नवशिक्याला पळवून लावणाऱ्यांनी या भाकरीचं नुकसानच केलं आहे.

सुरुवात दाण्यापासून करावी लागते. भाकर चांगली होणार की नाही, याचा निम्मा निकाल शेतातच लागलेला असतो. रब्बीची ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पेरतात. तोवर पाऊस सरत आलेला असतो. पुढचे चार महिने ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. काळी जमीन ओल धरून ठेवते म्हणूनच हे जमतं. दाणा भरतो तो कोरड्या, थंड हवेत, त्यामुळे तो टपोरा, पांढरा आणि निरोगी निघतो. खरिपाच्या ज्वारीचं तसं नाही. ती कणसात आली की परतीचा पाऊस गाठतो, कणसावर बुरशी चढते आणि दाणा काळा पडतो. 1964 साली सीएसएच-1 हा आपल्या देशातला पहिला संकरित ज्वारी वाण आला. त्याच्या मागोमाग बुटकी, भरघोस ज्वारी खरिपात पसरली. मराठवाड्यात आजही खरिपाच्या ज्वारीला सरसकट 'हायब्रीड' म्हणतात. या हायब्रीडनं कणग्या भरल्या, ते ऋण नाकारता येणार नाही. पण खाणाऱ्याला फरक कळत होता, म्हणून घरच्या भाकरीसाठी रब्बीची ज्वारी बाजूला काढून ठेवायची रीत पडली. 1972च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या परदेशी लाल मिलोची भाकर ज्यांनी खाल्ली, ती पिढी अजूनही पांढऱ्या दाण्याची किंमत कळकळीनं सांगते.

रब्बीतला जुना, मानाचा वाण म्हणजे मालदांडी. 1930च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड करून एम 35-1 हा वाण काढला, आणि तो इतकी वर्षं टिकला तो मुख्यतः भाकरीच्या चवीवर आणि कडब्यावर. ताडकळसच्या लोकांना मात्र ज्वारीच्या संशोधनासाठी मोहोळपर्यंत पाहायची गरज नाही. परभणीचं कृषी विद्यापीठ 18 मे 1972 रोजी स्थापन झालं आणि पुढे त्याला वसंतराव नाईक यांचं नाव दिलं गेलं. तिथल्या ज्वार संशोधनातून परभणी मोती, परभणी ज्योती हे वाण आले. 2018 साली हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅटबरोबर मिळून परभणी शक्ती हा लोह आणि जस्त जास्त असलेला वाण दिला. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या दगडी ज्वारीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला ते त्याआधीच मिळालेलं होतं. दुकानातून 'ज्वारी' म्हणून जे मिळेल ते आणण्याऐवजी 'रब्बीची आहे का, यंदाची आहे का' एवढे दोन प्रश्न विचारले तरी अर्धी लढाई जिंकली जाते.

आता पीठ. ज्वारीचं पीठ ताजं हवं, याला पर्याय नाही. अख्ख्या दाण्यात साधारण तीन टक्के स्निग्धांश असतो आणि त्यातला बराचसा कोंभात असतो. गिरणीत कोंभ चिरडला गेला की हा स्निग्धांश हवेला उघडा पडतो आणि हळूहळू खवट होऊ लागतो. जोडीला पिठाचा चिकटपणाही उतरत जातो. त्यालाच पिठाची विरी जाणं म्हणतात. विरी गेलेलं पीठ कितीही मळलं तरी थापताना कडा फाटतात आणि भाकर उचलताना हातातच तुटते. नवशिक्यांची पहिली भाकर बिघडते ती बहुतेक वेळा हाताच्या दोषानं नव्हे, तर दोन महिन्यांपूर्वी पिशवीत भरलेल्या पिठामुळे. म्हणून पंधरा दिवस पुरेल एवढंच दळण दळावं. गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं, ते पसरून गार होऊ द्यावं आणि मगच डब्यात भरावं. बाजरीच्या बाबतीत तर आठ दिवसांचीच मर्यादा पाळावी. तिच्यात स्निग्धांश ज्वारीपेक्षा जास्त असतो आणि तिचं पीठ फार लवकर कडू पडतं. आणखी एक खबरदारी म्हणजे ज्वारी शक्यतो ज्वारीच्याच मागे दळून घ्यावी. गव्हाच्या मागे दळली तर गिरणीत राहिलेलं गव्हाचं पीठ तिच्यात मिसळतं. गहू अजिबात चालत नाही अशा माणसासाठी दळण असेल तर गिरणीवाल्याला हे आधीच सांगणं फार महत्त्वाचं.

गव्हाची कणीक पाणी घालून तिंबली की तिच्यातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं एकमेकांत गुंतून ताणलं जाणारं जाळं विणतात. पोळी लाटता येते ती या जाळ्यामुळे. ज्वारीतलं मुख्य प्रथिन काफिरिन. त्याला पाण्याची आवड नाही, आणि दाण्यात ते सूक्ष्म गोळ्यांमध्ये बंद असतं. त्यामुळे जाळं विणलं जात नाही आणि पीठ एकत्र धरून ठेवायची सगळी जबाबदारी पिष्टावर येते.

ही अडचण एकट्या मराठवाड्याची नाही. ग्लुटेन नसलेल्या धान्यावर जगणाऱ्या सगळ्या समाजांपुढे ती उभी राहिली आणि प्रत्येकानं आपला तोडगा काढला. ज्वारीचं मूळ घर ईशान्य आफ्रिका. तिथल्या सुदानमध्ये ज्वारीचं पीठ पातळ कालवून आंबवतात आणि तापलेल्या पत्र्यावर कागदाइतकं पातळ पसरून किसरा करतात. इथिओपियात टेफ या बारीक धान्याचा आंबवलेला इंजेरा होतो, काही भागांत त्यात ज्वारीही असते. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग तो वाटून त्याचा लवचीक गोळा तयार होतो आणि त्याच्या टॉर्टिया थापतात. आपल्याकडे ना आंबवणं, ना चुना. आपण उकळतं पाणी आणि तळहाताचा जोर यांवर काम भागवलं. या तिन्ही तोडग्यांत आपला सर्वांत झटपट आहे. पीठ कालवण्यापासून पहिली भाकर पानात पडेपर्यंत पंधरा मिनिटं पुरतात. दिवस उगवायच्या आत शेताची वाट धरणाऱ्या माणसांच्या स्वयंपाकात हा वेग उगाच आलेला नाही.

उकळत्या पाण्याचं काम असं. ज्वारीचं पिष्ट साधारण 70 अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी पिऊन फुगतं आणि त्याची खळ होते. आधण ओतलं की पिठाचा काही भाग तिथल्या तिथे अर्धवट शिजतो, आणि ही खळ उरलेल्या कोरड्या पिठाला धरून ठेवते. पीठ अगदी ताजं आणि ज्वारी नवी असेल तर सवयीच्या बाया गार पाण्यातही सहज मळतात. शिकणाऱ्यानं मात्र आधणच घ्यावं. दोन वाट्या पिठाला दीड ते पावणेदोन वाट्या पाणी लागतं. ज्वारी जुनी असेल तर थोडं जास्त. पीठ काठवटीत किंवा परातीत घेऊन मध्ये आळं करावं, त्यात उकळतं पाणी ओतून उलथन्यानं कालवावं आणि पाचेक मिनिटं झाकून ठेवावं. मग हाताला सोसेल इतकं गार झालं की मळायला घ्यावं.

मळणं हा भाकरीचा गाभा आहे, आणि घाई नेमकी इथेच केली जाते. सगळा गोळा एकदम मळू नये. एका भाकरीपुरता घ्यावा, पाण्याचा हात लावत तळहाताच्या मागच्या, मनगटाजवळच्या भागानं तो परातीवर पुढे रगडावा आणि पुन्हा गोळा करावा. प्रत्येक रगड्यात शिजलेली खळ कोरड्या कणांवर पसरते. गोळा गुळगुळीत झाला, दाबला तर त्याच्या कडेला भेग पडली नाही, की झालं. भेग पडली तर पाण्याचा एक हात लावून पुन्हा मळावा. मळून ठेवलेला गोळा लगेच थापायचा असतो, कारण ज्वारीची कणीक ठेवून मुरत नाही, उलट घट्ट होत जाते. म्हणूनच भाकरी करणारीचे दोन्ही हात सतत कामात असतात. एक भाकर तव्यावर असते तेव्हा दुसरीचा गोळा मळला जात असतो.

थापताना परातीत कोरडं पीठ पसरून त्यावर गोळा ठेवतात. उजव्या हाताच्या बोटांनी थापायचं आणि डाव्या हातानं कडेला आधार द्यायचा. हाताच्या ठोक्यासरशी भाकर आपोआप फिरत राहते. ती फिरायची थांबली तर खालचं पीठ संपलं असं समजावं. मध्यभाग जरा पातळ आणि कड जाड राहणं ही नवशिक्याची नेहमीची अडचण. त्यावर उपाय म्हणजे थापणं मध्यापासून सुरू न करता कडेनं सुरू करणं. मध्यभाग शेवटी आपोआप पसरतो.

तवा लोखंडी किंवा बिडाचा, आणि चांगला तापलेला हवा. नॉनस्टिकला इतकी आच सोसत नाही. भाकर उचलून तव्यावर टाकताना परातीकडची, म्हणजे कोरडं पीठ लागलेली बाजू वर यायला हवी. लगेच त्या बाजूवर पाण्याचा हात फिरवायचा. हे पाणी नुसतं कोरडं पीठ पुसत नाही. त्या ओलीनं वरच्या थरातलं पिष्टही शिजतं आणि त्याची सलग साय धरते. वाफ अडवून ठेवायची ती याच सायीनं. पाणी आटत आलं, पण पुरतं सुकलं नाही, त्या क्षणी भाकर उलटायची. उशीर झाला तर वरचा थर तडकतो आणि मग फुगण्याची आशा सोडावी. दुसरी बाजू तव्यावर नीट भाजू द्यावी, तिच्यावर तांबूस ठिपके येऊ द्यावेत. मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट जाळावर धरायची. आतलं पाणी 100 अंशांवर वाफ होतं आणि वाफ पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. ती दोन थरांच्या मधून वाट काढते आणि भाकर टम्म फुगते. वरचा पापुद्रा पातळ, खालचा पदर जाड. गरम भाकरीचा पापुद्रा उचलून आत तेल आणि मीठ-तिखट घालून पोराच्या हातात दिलेला तुकडा ज्यानं खाल्ला आहे, त्याला या सगळ्या खटाटोपाचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

चुलीवरची भाकर वेगळी लागते हा नुसता आठवणींचा खेळ नाही. ताडकळसच्या बाजूला जळण म्हणजे कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या आणि बाभळीची लाकडं. पऱ्हाट्यांचा जाळ लवकर भडकतो, त्यावर तवा तापतो. नंतर चुलीतून आर पुढे ओढून भाकर त्याला उभी टेकवली की सगळीकडून सारखी धग लागते आणि थोडा धूरही. गॅसची ज्योत एका जागी लागते, म्हणून भाकर चिमट्यात धरून सतत फिरवावी लागते. पण चुलीच्या धुरानं पिढ्यान्‌पिढ्या बायांचे डोळे आणि छाती जाळली, हे विसरून चुलीचे गोडवे गाऊ नयेत. गॅसवरची चांगली भाकर ही उत्तम भाकर असते.

भाकर गार झाली की कडक होते. शिजलेलं पिष्ट पुन्हा घट्ट रचनेत बसू लागतं आणि फ्रिजच्या गारव्यात ही क्रिया अधिकच वेगानं होते. म्हणून भाकर कधीही फ्रिजमध्ये ठेवू नये, फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवावी. सोलापूरकडे याच कडकपणाचा फायदा घेऊन पातळ भाकरी पुरत्या वाळवतात आणि त्या कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकतात. आपल्याकडे शिळी भाकर ताकात किंवा वरणात कुस्करतात, नाहीतर बारीक करून कांदा-मिरचीची फोडणी देतात.

प्रवासाची भाकर म्हणजे दशमी. तिच्यात पाण्याऐवजी दूध घालून पीठ मळतात, कधी गूळही घालतात. दुधातल्या स्निग्धांशामुळे पिष्टाचं ते घट्ट बसणं लांबतं आणि दशमी दोन-तीन दिवस मऊ राहते. पाण्याचा स्पर्श नाही म्हणून जुन्या सोवळ्याच्या घरांतही ती वाटेत चालत असे. गूळ घातला असेल तर आच मंद ठेवावी, नाहीतर बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते.

धपाटं हा मराठवाड्याचा जीव. ज्वारीच्या तीन वाट्या पिठाला एक वाटी गव्हाचं आणि अर्धी वाटी हरभऱ्याच्या डाळीचं पीठ घ्यावं. त्यात लसूण-मिरची-जिऱ्याचा ठेचा, ओवा, हळद, तीळ, मीठ घालून आंबट दह्यात सैलसर भिजवावं. इथे आधणाची गरज नाही, कारण डाळीचं पीठ आणि गहू धरून ठेवायचं काम करतात. ओल्या फडक्यावर पाण्याच्या हातानं थापून, फडक्यासकट उचलून तव्यावर पालथं घालावं आणि फडकं अलगद सोडवावं. कडेनं तेल सोडून दोन्ही बाजू खरपूस भाजाव्यात. बरोबर दही आणि जवसाची किंवा कारळाची चटणी असावी. धपाट्यात भाज्यांची भरताड करू नये असं मला वाटतं. भाजीचं पाणी सुटतं आणि ज्वारीची चव मागे पडते.

हे सगळं सांगताना एक गोष्ट टोचत राहते. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं, ज्वारीचे फोटो शहरांतल्या फलकांवर झळकले. पण 2013च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद असूनही रेशनच्या पिशवीतून आपल्या खेड्यांत प्रामुख्यानं गहू आणि तांदूळच येत राहिले. खरिपातली ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली. एकेकाळी सणावारालाच पोळी पाहणाऱ्या घरांत आता पोळी रोजची झाली आणि ज्वारी अनेकदा गव्हापेक्षा महाग मिळते. ज्या मजुराच्या हातची भाकर, त्यालाच ज्वारी परवडेनाशी व्हावी, हे मला मान्य नाही. रेशनवर रब्बीची ज्वारी मिळाली पाहिजे, आणि तीही ती जिथे पिकते त्या जिल्ह्यांत आधी.

शेवटी रोडगा. आरात पुरून भाजला जाणारा आपला प्रकार हाच. तो गव्हाचा असतो आणि मराठवाड्यापासून विदर्भापर्यंत शेतातल्या पंगतींना होतो. गहू जाडसर, रवाळ दळून घ्यावा. चार वाट्या पिठाला अर्धी वाटी तेलाचं गरम मोहन, मीठ आणि ओवा घालून कणीक घट्ट भिजवावी. गोळ्याची जाड पोळी लाटून तिला तेल लावावं, तिच्यात दुसरा छोटा गोळा ठेवून गुंडाळावं, म्हणजे आत पदर राहतात. शेतात शेणाच्या गोवऱ्या रचून पेटवतात. जाळ बसून नुसता आर उरला की रोडगे त्यात पुरतात, अधूनमधून फिरवतात आणि वरची राख झटकून, फडक्यानं पुसून काढतात. पळसाच्या पानांत गुंडाळून भाजले तर ते पानगे. घरी ओव्हन 200 अंशांवर तापवून चाळीस मिनिटांच्या आसपास ठेवावेत आणि निम्म्या वेळानं उलटावेत. टिचकी मारल्यावर आवाज पोकळ आला म्हणजे आतपर्यंत भाजले. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत, झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर फिरवत भाजावेत. वेळ दुप्पट लागतो, पण कवच तितकंच खुसखुशीत येतं. रोडगा गरम असतानाच हातानं फोडून त्यावर तूप सोडावं आणि तिखट वरण किंवा वांग्याच्या रस्सा भाजीबरोबर वाढावा. उरलेले दुसऱ्या दिवशी कुटून, चाळून, त्यात किसलेला गूळ आणि पातळ केलेलं तूप घालून लाडू वळतात. त्यासाठी रोडगे आदल्या दिवशीच चार जास्त टाकावेत.